जमनाचं अंथरूण आणि उमरग्याचा माळा

चिंपांझीसाठी उमरग्याला चाललेय म्हटल्यावर आई म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" होतं हो. झोप तेवढी उडालेली होती.

मी प्राणिसंग्रहालयांसाठी पिंजरे बांधते. यावेळी जमना नावाच्या चिंपांझी मादीसाठी मोठं आवार बांधलं. खांब, दोर, उंच फळ्या आणि कॅमेरे. रानातले चिंपांझी सहजी दिसत नाहीत. ते संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून झोपायला नवं घरटं करतात, अभ्यासक ती घरटी मोजून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधतात. घरटं बनतं कसं, टिकतं किती, हे जमनाकडून शिकायचं होतं. पण बाईसाहेब तीन आठवडे खाली सिमेंटवर, कोपऱ्यात अंग चोरून झोपत होत्या. महिनाअखेरपर्यंत वर चढली नाही तर कॅमेरे काढून नेऊ, असं अभ्यासकांनी सांगितलं. मला कॅमेऱ्यांपेक्षा तिचं ते गार सिमेंटवर झोपणं जास्त मनाला लागत होतं.

दोष दोरांचा, असं मी ठरवून टाकलं. नायलॉनचा दोर हातातून सटकतो. आमचा वेल्डर उमरग्याकडचा. म्हणाला, "आमचे अप्पा अंबाडीचा दोर वळतात. एकदा बघून तरी या."

सोलापूरहून सकाळची एसटी घ्या आणि डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. हायवे झकास, ट्रक मात्र रग्गड. उमरग्याच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि अप्पांच्या गावाकडची जीप धरली. माणसं अर्धी मराठीत, अर्धी कानडीत भांडत होती. मजा आली.

"बर्री, बर्री!" अप्पांनी शेतातूनच कानडीत 'या, या' केलं. ज्वारी हुरड्यात आलेली, मधोमध पाखरं राखायचा माळा. चार खांब, वर काठ्या, सगळं दोरानं आवळलेलं. खिळा एक नाही. मी उत्साहानं वर चढले, तर नुसत्या काठ्या!

"अप्पा, बसायचं कसं?"

त्यांनी खालून कडब्याची पेंढी फेकली. "अंथरा की."

"तुम्हीच द्या ना अंथरून."

"न्हाय बा! बांधणारानं बांधावं, बसणारानं अंथरावं. आमच्यात रीतच हाय ती."

त्यांच्या मालकीणबाई, गंगव्वा, खालून हसल्या. "एकदा ह्येंनी अंथरलं हुतं. दिसभर पाठीत काठी रुतली माज्या! कुठं रुततंय ते बसणाऱ्यालाच कळतंय, ताई."

मला आवारातली गादी आठवली. जमनाच्या फळीवर मी पेंढ्याची गादी शिवून, चारी कोपरे ठोकून दिली होती. वर स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं! तिला करायला मी काही ठेवलंच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. अप्पा डोळे मोठे करून म्हणाले, "माकडीण माळ्यावर निजती व्हय?"

"चिंपांझी, अप्पा."

"आसंल," गंगव्वा म्हणाल्या. "बाईमाणूस हाय न्हवं? मग तिचं तिला करू द्या."

हुरडा आणि शेंगाची चटणी पोटभर खाल्ली. अप्पांनी दोराचे पैसे घेतले, हुरड्याचे काही केल्या घेईनात. तुम्ही गेलात तर दिवस मावळायच्या आत जीप गाठा, नंतर मिळत नाही.

परतल्यावर आधी गादी उपटली. दोर बांधले आणि वड-उंबराच्या पानांसकट फांद्या नुसत्या खाली टाकल्या. दोन दिवस जमनानं ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी एक फांदी उचलली, दोर धरून वर गेली. मग दुसरी, मग तिसरी. वाकवलं, दाबलं, थोपटलं. मी काचेमागं उभी राहून रडत होते, लाज कसली त्यात!

कॅमेरे राहिले. दोन चांगल्या माणसांचे आभार मानायला मी लगेच फोन लावला. आभार ऐकून घ्यायला गंगव्वांना वेळ नव्हता.

"ते ऱ्हाऊ द्या. काठी रुतली न्हाय ना तिला?"

"एक रुतली, गंगव्वा. उठली, ती काढून खाली फेकली आणि मग झोपली."