खांडेनवमीला चालू राहिलेली मशिनं

आमच्या घरात खांडेनवमीला अवजार चालत नाही. माझ्या बापानं चालवलं नाही, मी चालवलं नाही. आदल्या दिवशी कोयता, टिकाव, पाभर, फवारणीचा पंप, सगळं धुवायचं. नवमीला सोप्यात मांडून हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि त्या दिवशी त्याला सुट्टी. ट्रॅक्टरची चावीसुद्धा देवापुढं. वडगाव निंबाळकरात आता निम्मी घरं सकाळी पूजा करतात आणि दुपारी रोटर मारायला जातात. ती त्यांची लाज, त्यांनी सांभाळावी.

माझी सून अंथुर्ण्याची, बारामतीत कॉलेज करून आलेली. तिचं काम मला पहिल्यापासून पटलेलं नाही. मी चौथी नापास, पण काम कशाला म्हणतात ते मला कळतं. काम केलं की मागं काहीतरी दिसतं. सरी दिसते, उसाची मोळी दिसते. ही खुर्चीत बसून पडद्यावर हिरव्या रेघा सरकताना बघती. एकदा विचारलं तर म्हणाली, "एका दवाखान्याचं मोबाइलवर नंबर लावायचं ॲप हाय, आबा. लोकांच्या हातात द्यायच्या आधी त्यातलं सगळं दाबून बघायचं, कुठं अडकतंय का."

"मग दाब की. बसून काय ऱ्हातीस?"

"मी न्हाय दाबत. कसं दाबायचं ते मी लिहून देते, मशीन दाबतं."

"हे मशीन?"

"हे न्हाय. ती लांब हायत, भाड्याची. तितं मोठमोठी मशिनं असतात, त्यांच्या पोटात आपल्यापुरती छोटी छोटी मशिनं पाडून देतात. काम झालं की मोडून टाकायची."

म्हणजे मशीन धड खरं नाही, जागा आपली नाही, दाबणारा हात माणसाचा नाही आणि पगार मात्र हिला. मी उठून गोठ्यात गेलो.

गेल्या खांडेनवमीच्या आधी तिच्या साहेबानं अट घातली. नवमीच्या संध्याकाळपर्यंत त्या ॲपची सगळी तपासणी घरनं पार पाडून दाखव, तर कायम घरनं काम कर. नाहीतर पुण्याला येऊन ऑफिसात बस. माझा मुलगा माळेगावला कारखान्यावर नोकरीला, तो काही पुण्याला जाणार नव्हता. नवरा इथं आणि बायको तिथं असला संसार तिला नको होता. मलाही नको होता, पण ते मी तिला कशाला सांगू?

नवमीला सकाळी अवजारं मांडली आणि तिला हाक मारली. "तुझं अवजार आण."

वाटलं होतं, तोंड वाकडं करील. तिनं लॅपटॉप मिटून आणला आणि कोयत्याशेजारी ठेवला. मी त्याच्यावर कुंकवाची बोटं ओढली, झेंडू ठेवला.

"आज हे उघडायचं न्हाय."

"न्हाय उघडत," म्हणाली आणि पुरणाला लागली. सून वळणावर आली असं वाटून मला जरा बरं वाटलं.

दुपारी जेवताना माझ्या मालकिणीनं तिला विचारलं, "अगं, मग ती तुझी तपासणी ऱ्हायली का?"

"न्हाय आत्या, चालू हाय की. सकाळी पूजेच्या आधीच चालू करून दिली. सांजच्याला मोबाइलवर निकाल बघायचा फकस्त."

मी घास ताटात ठेवला. "लॅपटॉप तर सोप्यात हाय."

"तो नुसता काम सांगायला लागतो, आबा. काम करणारी मशिनं तिकडं हायत."

"म्हंजी नवमीला तुझं अवजार चालू हाय."

"माझं कुठंय? भाड्याचं हाय."

"बेंदराला भाड्याच्या बैलावर जू ठेवतात का?"

"बैल दमतो."

"कोयता दमतो का? तरी त्याला सुट्टी हाय. बंद कर ते."

"आता बंद केलं तर पहिल्यापासनं करावं लागंल, सांजपतूर व्हायचं न्हाय. मी पुण्याला जायचं का, तेवढं सांगा."

जा म्हणून सांगणारच होतो. तेवढ्यात घरामागच्या उसाच्या हौदात धो धो पाणी पडायला लागलं.

थ्री फेज लाइट आली होती आणि मोटार ऑटोवर होती. आमच्याकडं सगळेच ऑटोवर ठेवतात. लाइटीचा भरवसा नाही, विहिरीवर कोण बसून राहणार? लाइट आली की मोटार आपली आपण चालू होते. सकाळी त्या स्टार्टरच्या पेटीला मीच कुंकू लावलं होतं, हार घातला होता, आणि ऑटोचं बटण तसंच ठेवून घरी आलो होतो.

सून भात आणायला उठली आणि उठता उठता म्हणाली, "तुमचं कोण चालवतंय, आबा?"

सासऱ्याला असं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी हात धुतला, विहिरीवर गेलो, मोटार बंद केली, ऑटो काढून टाकला. शेजारचे तात्या बांधावरनं म्हणाले, "का ओ, लाइट हाय तवर जाऊ द्या की पाणी. ऊस बघा कसा वाळायला लागलाय."

"तुमी तुमचा बघा," म्हणालो.

परत येऊन उंबऱ्यात उभा राहिलो. "माझं बंद केलं. आता तुझं."

"मी न्हाय करणार." आवाज चढवला नाही, पण नजरही खाली घातली नाही. "तुमच्या उसाला उद्या पाणी देता येतंय. माझं उद्या चालत न्हाय."

मी सोप्यात अवजारांपाशी जाऊन बसलो, घराकडं पाठ करून. संध्याकाळी आतनं तिचा आवाज आला, "सगळं हिरवं आलं, आत्या. न्हाय जायचं पुण्याला." दोघी हसल्या. मग ती सोप्यात आली.

"आबा, लॅपटॉप उचलू का?"

"उद्या. पूजा उतरल्यावर."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. तो सकाळपर्यंत कोयत्याशेजारीच पडून होता.

ती इथंच राहिली. आमचं बोलणं कामापुरतं, तेही बहुतेक मालकिणीकरवी. तिचं काम मला अजून पटलेलं नाही आणि पटणार नाही. यंदा खांडेनवमीच्या आदल्या दिवशीच मी मोटारीचा ऑटो काढणार आहे, आणि मगच तिच्यापुढं जाऊन उभा राहणार आहे. बघू, तेव्हा ती काय बोलते.