करी रोडचं नवाश्मयुग

आमच्या हिच्या मामांइतका मागासलेला माणूस उभ्या मुंबईत सापडायचा नाही, आणि हे ऐकून सर्वांत जास्त आनंद मामांनाच होईल. इतरांची घड्याळं पाच-दहा मिनिटं मागे असतात. मामा दहा हजार वर्षं मागे होते. जन्मभर कारकुनी करून निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या मंडळींनी त्यांना मानवाच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ भेट दिला. मामा तो वाचत वाचत नवाश्मयुगापर्यंत, म्हणजे माणसाने पहिलं धान्य पेरलं, घर बांधलं आणि सूर्याचा माग ठेवायला मोठमोठे दगड उभे केले तिथपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. पुढचं का वाचत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "पुढे नुसती कटकट आहे रे."

तेव्हापासून आमच्या चाळीत शेतीचा शोध नव्याने लागू लागला. मामांनी गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांतून गहू पेरला आणि कौलाचा तुकडा घासून केलेल्या विळ्याने कापला. त्या विळ्याने गव्हापेक्षा मामांचं बोटच जास्त कापलं. आलेल्या पिकाची एक पुरी झाली, ती आम्ही, म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडाने, आणि मामांनी वाटून खाल्ली. दाराशी येणारं मांजर त्यांनी पाळायला घेतलं होतं. ते रोज ओरबाडायचं. "माणसाळतंय, घाई करू नकोस," असं मामा औषध लावता लावता सांगत. पुनर्विकासाच्या सभेत सगळे कार्पेट एरियावरून हातघाईवर आले असताना हे उठले, आणि त्या काळी काही ठिकाणी घरांना दारंच नसत, माणसं छपरातून शिडीने उतरत, असं सांगून बिल्डरच्या माणसाला नको त्या कल्पना सुचवून बसले. शिवाय घरातलं माणूस गेलं की त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत, हे मामांना फार आवडायचं. त्यावर तळमजल्यावरच्या काकी एकदा म्हणाल्या, "मामानू, तुमची खोली आमच्या डोक्यार आसा, तेवढा ध्यानात ठेवा."

पण मामांचं खरं काम उभं राहिलं ते चाळ रिकामी करायची नोटीस आल्यावर. नव्या जागेत मिक्सर जाणार होता, पाटा-वरवंटा कोण नेतो? आणि पाट्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या बायका तो कचऱ्यात टाकणार कशा? मामा दारोदार फिरून ते दगड मागून आणत. चौकात त्यांनी पाटे उभे करून रिंगण केलं, सगळे वरवंटे त्यांच्या बुडाशी सिमेंटात पक्के बसवले आणि एकच मधोमध वाळूच्या डब्यात उभा ठेवला. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, सूर्य दिसताक्षणी, त्या वरवंट्याची सावली काकींच्या पाट्यावर पडणार असा हिशेब होता. आता समोरच्या टॉवरांमुळे आमच्याकडे सूर्य उगवतो तोच मुळी अकराच्या सुमाराला, दोन टॉवरांच्या फटीतून, आणि जरा वेळाने मावळतो. मामांची त्याला हरकत नव्हती. "दुसऱ्या दिवशीही सावली जवळजवळ तिथेच पडेल की," मी म्हणालो. "जवळजवळवर कुठली संस्कृती उभी राहिली नाही," मामा म्हणाले. पुढच्या डिसेंबरात चाळच नसणार होती, त्यामुळे मामांना तो दिवस एकदाच मिळणार होता.

नेमकं त्याच दिवशी काकींच्या नातवाचं बारसं निघालं. पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालायचा असतो, आणि अख्ख्या चाळीत सुटा वरवंटा उरला होता तो एवढाच. अकराला थोडा अवकाश असताना काकी चौकात आल्या. "मामानू, वरवंटो दिया. तुमचो सूर्य काय, उद्यापण येतलो." मामांचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं, की मीच धावत जाऊन बाजारातून नवा आणतो म्हणालो. "मुहूर्त टळतलो," काकी म्हणाल्या. मामांनी एकदा वर फटीकडे पाहिलं. मग वाळूतून वरवंटा उपसला, सदऱ्याच्या टोकाने नीट पुसला आणि स्वतः आत नेऊन दिला.

बायका पाळण्याच्या वरून-खालून तो एकमेकींच्या हाती देत होत्या, तेवढ्यात चौकात ऊन आलं. रिकाम्या वाळूवर ते लख्ख पडलेलं खिडकीतून दिसत होतं. "मामा, हुकलं हो," मी म्हटलं. "गप रे," मामा म्हणाले, "बाळाच्या कानात नाव सांगतायत."

पुढच्या वर्षी त्या दिवशी आम्ही दोघं तिथे गेलो. पत्र्याचं कुंपण होतं. मामा पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभे राहिले. आत खड्डा होता आणि खड्ड्यात ऊन. ते सरेपर्यंत मामा हलले नाहीत, आणि मलाही त्यांना चला म्हणवलं नाही.