चादरींचं पाणी

आमच्या गल्लीत टँकर यायचा तो चादरींसाठी, माणसांसाठी नव्हे.

खाणीच्या गेस्ट हाउसच्या चादरी माझी आत्या धुवायची. फटकळ बाई. पण डाग राहिलेलं कापड तिने जन्मात कुणाला परत दिलं नव्हतं. खाणीतून लोखंडाची माती निघू लागली, तशी गल्लीतली विहीर तांबडी झाली. त्या पाण्यात पांढरं कापड पांढरं राहीना, म्हणून कंपनीने टँकर लावला. साहेबांच्या चादरी स्वच्छ पाण्यात डुंबायच्या आणि आम्ही तांबडं पाणी फडक्याने गाळून, उकळून प्यायचो. कुणी हूं की चूं केलं नाही. कसं करणार? मागचे भाजीचे मळे चिखलाच्या थराखाली कामातून गेलेले, आणि प्रत्येक घरातलं एक तरी माणूस खाणीत. आत्याचा मुलगा, आमचा दादा, तिथेच डंपर चालवायचा.

त्या दिवशी मुख्य कचेरीतले साहेब यायचे होते. गेस्ट हाउसचा मॅनेजर स्वतः टँकरबरोबर आला. दादाची लेक आठवडाभर पोटदुखीने झोपून होती. ती उठून पेला घेऊन नळीपाशी आली, तर मॅनेजरने तिचा हात बाजूला केला.

"बाळ, हे चादरींचं पाणी आहे."

आत्याने हातातला साबण खाली ठेवला. नातीचा पेला भरून दिला आणि गल्लीकडे तोंड करून म्हणाली, "भांडी आणा गं."

हंडे, बादल्या, कुकरसुद्धा आले. टँकर रिकामा झाला. चादरी आत्याने विहिरीच्या पाण्यात बुडवल्या.

"बाई, काम जाईल तुमचं," मॅनेजर म्हणाला.

"जाऊ दे. पण या तर धुऊनच देईन."

तो तणतणत फोन करायला गेला. आत्याने चादरी घासून घासून धुतल्या, नीळही घातली. निघाल्या त्या तांबूसच. त्या बघून तिचे डोळे भरून आले. मग तिने परसातली दोरी सोडली आणि साहेबांची गाडी येणार त्या हमरस्त्याच्या दोन खांबांना बांधायला घेतली.

दादा पाळी संपवून आला. "आई, आवर हे. माझ्या पोटावर पाय देतेस तू."

"आणि तुझ्या लेकीच्या पोटाचं काय?"

आत्या बुटकी. तिची दोरी लोंबत होती, ओल्या चादरीचं टोक धुळीत लोळत होतं. दादाने ते टोक उचलून झटकलं. मग त्याने दोरी तिच्या हातातून घेतली.

"किती वर बांधू?"

"गाडीत बसलेल्याला दिसेल इतकी."

त्याने एका खांबाला गाठ मारली आणि दुसरं टोक माझ्याकडे धरलं. माझा नवराही खाणीतच आहे. मी स्टूल आणलं, त्यावर चढले आणि करकचून गाठ मारली.