लटारी राजाची स्थळपाहणी

“दुभती म्हैस, एक.” परांजपे साहेबांनी डायरीत लिहिलं आणि मी हातातली फाइल काखेत लपवली.

कारण तीन महिन्यांपूर्वी मूल गावच्या बाजारात झाडाखाली बसून या घराचा फॉर्म मीच भरला होता. ‘जनावरे’ या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं होतं. निरंक म्हणजे काहीच नाही. सरकारी कागदात ‘नाही’लासुद्धा टोपी घालून पाठवावं लागतं.

आणि आता त्या घरापुढं काळीभोर म्हैस उभी. अंगाला तेल लावलेलं. माझ्याकडं पाहून रवंथ करत होती.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. नवं राज्य, नवे साहेब, नव्या योजना. त्यातली एक होती वृद्ध व गरजू कलावंतांना मानधन देण्याची. मानधन म्हणजे पगार नव्हे, पेन्शन नव्हे. म्हाताऱ्या कलावंताला सरकारनं दरमहा पाठवलेली मनिऑर्डर. त्या टेबलाचा कारकून मी. प्रत्येक अर्जावर स्थळपाहणी व्हायची, म्हणजे साहेबांनी घरी जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि शेरा लिहायचा. कॉलम सात : अर्जदार गरजू आहे काय? कॉलम नऊ : कलेचा नमुना प्रत्यक्ष पाहिला काय? दोन्हीकडं ‘होय’ आलं तर मानधन. एकीकडं जरी ‘नाही’ आलं तरी ‘अपात्र’, आणि एकदा अपात्र झालेल्याला पुन्हा अर्ज करता येत नसे.

अर्जदार होता लटारीभाऊ. आमच्या झाडीपट्टीत दंडार असते. धान घरात आलं की मंडईच्या जत्रांमधून गावोगावचे लोक नाचून, गाऊन, सोंगं आणून खेळ करतात, त्याला दंडार म्हणायचं. बायांची कामंही पुरुषच करतात. लटारीभाऊ चाळीस वर्षं दंडारीतला राजा होता. बाकी दिवस लोकांच्या धानाच्या बांधीत मजुरी. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन वर्षांपासून हातात विळा धरता येत नव्हता. बायको भागरताबाई लोकांच्या शेतात रोवणा-निंदण करून आणील त्यावर दोघं जगत होती, आणि तिचीही कंबर वाकली होती. हे मानधन मिळालं नाही तर पुढचा पावसाळा कसा काढायचा, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग म्हैस कुठून आली? ती माझ्या पत्रातून आली. मी गावाला कळवलं होतं, ‘साहेब पाहणीस येत आहेत. योग्य ती व्यवस्था ठेवावी.’ दरवेळी लिहायचो तसंच लिहिलं. पण साहेब प्रत्यक्ष त्या टोल्यावर, त्या एवढ्याशा वस्तीवर, कधी आलाच नव्हता. कोतवालानं पत्र चावडीवर वाचून दाखवलं आणि गाव कामाला लागलं. साहेब आपल्या गावच्या राजाच्या घरी येणार, आणि राजाच्या घरात फुटकी घागर? गावची इज्जत काय राहील!

आत गेलो तर काय सांगू! शेणानं सारवलेली जमीन, बाजेवर कोरी सतरंजी, पाण्याचा चकचकीत पितळी गुंड, फुलांच्या कपबशा. भिंतीला धानाची दोन टम्म पोती. मधोमध हाताची खुर्ची. आणि दारात लटारीभाऊ, पांढरा कोट घालून, हात जोडून.

“या जी, या. बसा. घर आपलंच आहे.”

घरातलं एकूणएक सामान दुसऱ्याचं होतं, पण तो असा बोलला की क्षणभर माझाही विश्वास बसला.

साहेब पुण्याकडचे. माणूस प्रामाणिक; म्हणूनच जास्त भीती. खुर्चीत बसून त्यांनी पेन्सिल काढली. “मुख्य व्यवसाय?”

“राजा,” लटारीभाऊ म्हणाला.

“म्हणजे दंडारीत, साहेब,” मी घाईनं बोललो.

“खाण्यापिण्याची काही अडचण?”

मी लटारीभाऊकडं डोळे वटारले. पण ज्याला दिसत नाही त्याच्याकडं डोळे वटारून काय उपयोग!

“छे जी! काय कमी आहे मले? देवानं सारं देल्लं.”

साहेबांनी हळूच माझ्याकडं पाह्यलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. कारकून पैसे खातो आणि श्रीमंतांचे फॉर्म भरतो, असा तो अर्थ होता.

चहाचं निमित्त करून मी लटारीभाऊला मागच्या अंगणात ओढलं. “काऊन हो भाऊ, डोकं फिरलं काय तुमचं? गरीब आहो म्हणून सांगा न!”

“घरात बसून ‘नाई’ म्हणू काय? वास्तू तथास्तू म्हणते, बाबू. आन् पाव्हण्याच्या तोंडावर कोणी रडते काय?”

“पाव्हणा नाही तो, इन्स्पेक्शनला आलेला साहेब आहे!”

“दारी आला तो पाव्हणा.”

आता डोकं आपटायला भिंत शोधायची, तर भिंतीला पाटलाची पोती.

कॉलम नऊमध्येही तीच गत. साहेब म्हणाले, “थोडा नमुना दाखवा. दोन मिनिटं पुरे.”

“एकट्यानं कसा जी? आधी चोपदार हाक देते, मंग ढोलकी वाजते, मंग राजा येते. चोपदार तर धान कापून राह्यला.”

“बसल्या बसल्या दोन ओळी म्हणा.”

“बसल्या बसल्या तर कोणी बी म्हणन. तो राजा नोहे.”

साहेबांनी डायरी मिटली. दोन्ही कॉलम ‘नाही’. आम्ही जीपकडं निघालो आणि तिथं लटारीभाऊचं नशीब कामी आलं. जीप सुरूच होईना. ड्रायव्हर बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून राहिला, मग कोतवालाची सायकल घेऊन मूलला पार्ट आणायला गेला. चार-पाच तासांची निश्चिंती. साहेब परत येऊन त्याच खुर्चीत बसले.

आता अडचण अशी की गावानं सामान दिलं होतं ते दुपारपर्यंतच.

ऊन कलल्याबरोबर म्हैस ओरडायला लागली. तिची खरी मालकीण सरूबाई कुंपणाबाहेर घुटमळत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ती आत आली, दावं सोडलं आणि म्हैस घेऊन चालू लागली.

“ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“आमची सरू,” लटारीभाऊ मांडीसुद्धा न हलवता म्हणाला. “म्हैस तिच्याच हातानं पान्हवते. दुसऱ्याले जवळ येऊ देत नाई.”

साहेबांनी डायरी उघडली. “दूध काढायला बाई ठेवली आहे.” मी कपाळावर हात मारला.

थोड्या वेळानं दोन गडी आले. साहेबांना रामराम केला, एकेक पोतं खांद्यावर घेतलं आणि मान खाली घालून निघाले.

“ने रे, ने,” लटारीभाऊ मोठ्यानं म्हणाला. “लाजू नको. अडीनडीले माणसाच्या कामी माणूसच येते.”

“धान्य वाटतातसुद्धा!” साहेब थक्क झाले. तेही त्यांनी लिहून घेतलं.

मग रांगच लागली. मालकिणीकडं पाव्हणे आले म्हणून कपबशा गेल्या. सतरंजी गेली. ती नेणाऱ्या पोरीला लटारीभाऊनं आशीर्वाद दिला, “नांदा सौख्यभरे,” जणू ती याच्याच घरून सासरी चालली. पितळी गुंड गेला तेव्हा म्हणाला, “कल्हईले धाडला.” तुम्हाला सांगतो, मी घामाघूम झालो होतो, पण ह्या माणसाच्या कपाळावर आठी नाही. प्रत्येक वस्तू अशी देत होता की नेणाराच ओशाळून हात जोडत होता.

शेवटी पाटलाचा गडी दारात येऊन उभा राहिला. नुसता खुर्चीकडं बघत राह्यला. खुर्चीत साहेब.

“काय पाहिजे?” साहेबांनी विचारलं.

गडी लटारीभाऊकडं पाहू लागला. लटारीभाऊनं तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्याला काही सुचलं नाही. वर साहेब बसलेला असताना खुर्ची दान करता येत नाही.

तेवढ्यात भागरताबाई चुलीपासून उठली. “बस झालं तुमचं राजेपण! साहेब, उठा जी. खुर्ची पाटलाची आहे. म्हैस सरूची. हा कोट मास्तराचा. माह्या घरचं म्हणसान तर हे एक गाडगं आन् हा एक म्हातारा.”

“भागरता! घरात नाई म्हणू नोको!”

“पोटात नाई तं घरात म्हणाले काय होते?” ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

मी फाइलची दोरी सोडत-बांधत बसलो.

साहेब उठले. गड्यानं खुर्ची उचलली आणि पळाला. साहेब मोकळ्या घरात चारी बाजूंना बघत राह्यले. लटारीभाऊ भिंतीला टेकून बसला होता, मान खाली. मास्तरांचा कोट काढून त्यानं नीट घडी केली होती. आत नुसतं धोतर आणि बरगड्या.

“यांचे डोळे केव्हापासून असे आहेत?” साहेबांनी विचारलं.

“दोन वरसं झाली जी,” भागरताबाई म्हणाली.

साहेब सरळ सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले. डायरी उघडली. म्हैस खोडली, पोती खोडली, दूधवाली बाई खोडली. मग मला म्हणाले, “फॉर्म द्या. कॉलम सात, होय.”

“आणि नऊ, साहेब? नमुना तर पाहिलाच नाही आपण.”

“काय बोलता! सकाळपासून मी या माणसाला श्रीमंत समजून बसलोय. चोपदार नाही, ढोलकी नाही, समोर दिसतही नाही, आणि घर डोळ्यांदेखत रिकामं होत असताना मला शंका आली नाही. पुण्याला मी नाटकं कमी पाहिली नाहीत, पण असा नट पाहिला नाही. लिहा, ‘नमुना पाहिला. सहा तास.’”

मी लिहिलं. सरकारी नोकरीत इतक्या आनंदानं मी फार कमी वेळा लिहिलं असेल.

फाइल वर गेली आणि अर्थातच त्रुटी निघून परत आली. त्रुटी म्हणजे वरच्या ऑफिसनं काढलेली खुसपटं. ‘सहा तास पाहिलेल्या प्रयोगात अर्जदाराची भूमिका कोणती, याचा खुलासा व्हावा.’ साहेबांनी एका शब्दात खुलासा केला, ‘यजमान.’ वरच्यांना काय समजलं देव जाणे, पण महिन्याभरात मंजुरी आली.

मंजुरीचा कागद घेऊन मी स्वतः गेलो. न कळवता गेलो, एवढं शहाणपण आलं होतं. लटारीभाऊ अंगणात उन्हाला बसला होता. मी म्हणालो, “भाऊ, मंजूर झालं. दर महिन्याला मनिऑर्डर येईल.”

भागरताबाईनं हात जोडले. त्यानं माझ्या हातातला कागद बोटांनी चाचपला. मग म्हणाला, “बाबू, एक सांग. कागदात मले काय म्हणून लिव्हलं? कलावंत म्हणून का गरीब म्हणून?”

मी कागद उघडला. ‘वृद्ध व गरजू कलावंत श्री. लटारी’ असं टाइप केलेलं होतं.

“वाचून दाखवतो न,” मी म्हणालो आणि मोठ्यानं वाचलं, “कलावंत श्री. लटारी यांस शासन मानधन मंजूर करीत आहे.”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. तो ताठ बसला आणि चोपदारानं हाक दिल्यासारखी मान वर केली.

तीस वर्षांच्या नोकरीत सरकारी हुकूम शब्द गाळून वाचल्याची ही माझी एकमेव नोंद. ऑडिटवाल्यांनी अजून हरकत घेतलेली नाही.