साडूपेक्षा चारशेने पुढे

घरी जुळवलेला कॉम्प्युटर आपल्याला नक्की केवढ्याला पडला, हे परवा मोजायला बसलो. पार्ट्सचे पैसे धरले नाहीत, ते गेलेच. पण माझे पाच रविवार... लेकीच्या करंजा-रेवस लाँचच्या सहा फेऱ्या... आणि साडूचे तीन फोन, जे मी मुद्दाम उचलले नाहीत.

साडू म्हणजे विलासराव, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. अलिबागला एका शाळेत क्लार्क आहेत. माणूस सज्जन आहे, आणि त्रास तोच आहे. सज्जन माणसावर जळायला फार जड जातं.

त्यांनी घरच्या घरी एक मशीन जुळवलं होतं. आमची प्रणाली आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, म्हटलं तिच्यासाठी आपणही आपल्याच हाताने जुळवायचं. मी ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, आज न्हावा शेव्याला माझे पाच ट्रेलर लागतात. गाडी येताना कुठल्या चाकात हवा कमी आहे ते मी आवाजावरून सांगतो. चार वायरी आणि दोन पंखे काय अवघड...

मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. विलासरावांना जेवायला बोलावलं आणि त्यांच्यादेखत सेटिंग उघडून मेमरीचा वेग दाखवला. त्यांचा बत्तीसशे, आपला छत्तीसशे. "शेठ, तुम्ही पुढे गेलात," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्या दिवशी मला भात दोन घास जास्त गेला.

आठवडाभरात निळा स्क्रीन सुरू झाला. प्रणाली तीन तास ड्रॉइंग करायची, सेव्ह करायला जाणार तेवढ्यात सगळं निळं. स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "निला झाला का ओ परत?" आमच्या बोलीत ळ नाही, पण टोमणा बरोबर पोचतो.

पॉवर सप्लाय बदलला. विंडोज दोनदा नव्याने टाकलं. कुणी म्हणालं खाडीची खारी हवा लागलीय, म्हणून मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. दोन दिवस बरं चाललं... तिसऱ्या दिवशी निळं.

सबमिशन जवळ आलं तशी प्रणाली म्हणाली, "पप्पा, मी काकांकडे जाऊन करते." पेनड्राइव्ह घेतला, करंजाहून रेवसची लाँच पकडली आणि अलिबागला गेली. असे लागोपाठ तीन शनिवार-रविवार. परत यायची ती "काका म्हणाले" घेऊनच. काका म्हणाले बॅकअप ठेव, काका म्हणाले खुर्ची उंच घे.

लहानपणी सायकलची चेन पडली तरी ही मुलगी माझी गाडी येईपर्यंत अंगणात बसून राहायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आता काही अडलं की फोन अलिबागला... विलासरावांचे मलाही फोन येत होते. मी वाजू दिले.

चौथ्या शनिवारी ती गेली नाही. इथेच दिवसभर बसली, मशीन एकदाही पडलं नाही. मी खूश. सोमवारी मी ट्रेलरमधल्या मालाचं ई-वे बिल काढायला बसलो, दहा मिनिटांत निळं. पुढच्या शनिवारी ती बसली, ठणठणीत. नंतर मी बसलो, निळं. मग मला त्या डब्याचाच राग यायला लागला. जुळवलं मी, आणि माझ्याच हाताखाली अंग टाकतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवून झोपाळ्यावर पडलो होतो. डोळे मिटले होते, कान नाही. आतल्या खोलीत प्रणाली फोनवर हळू आवाजात बोलत होती.

"हो काका, बसायच्या आधी वेग खाली आणते, तुम्ही सांगितला तेवढा. तीन हजार... मग नाही पडत. काम झालं की परत छत्तीसशे करून ठेवते... नाही हो, पप्पांना नका सांगू. येईल त्याला ते तो आकडा दाखवतात."

झोपाळा थांबवायचाही धीर झाला नाही. करकरला असता...

माझ्या पट्ट्यांवर तीन हजारच छापलेलं आहे. घासताना प्रत्येक पट्टी हातात धरून वाचलं होतं. पण बत्तीसशेच्या पुढे जायचं होतं ना, म्हणून मीच छत्तीसशे टाकलं होतं. आरटीओच्या पासिंगपेक्षा जास्त माल गाडीत भरला म्हणून मी दोन ड्रायव्हरांना घरी बसवलेलं आहे...

संध्याकाळी ती बाजारात गेल्यावर मी वेग खाली आणला. पुढच्या शनिवारी ती बसली, सेटिंग उघडलं, आकडा पाहिला आणि बंद केलं. मी पेपर तोंडासमोर धरलेला. मग म्हणाली, "पप्पा, जरा इकडे या ना. हा जिना बघा. यावरून मोठं कपाट वर जाईल का?"

नाही जाणार, वळणावर अडकेल, मी सांगितलं. मग अर्धा तास आम्ही दोघं त्या स्क्रीनवरच्या जिन्यावरून कपाट चढवत होतो. जिना चार इंच रुंद केला तिने.

विलासराव, तुम्ही हे वाचाल आणि पहिला लाइकही तुमचाच असेल... तेही मला खुपतंच. पण माझी चूक ओळखूनही तुम्ही ती चारचौघांत काढली नाहीत, माझी लाज राखलीत, त्याबद्दल आभार. फोन उचलले नाहीत, त्याची माफी. रविवारी जेवायला या, खाडीतला ताजा जिताडा आणतो.

सबमिशन झालं. महिना झाला, मशीन पडलेलं नाही. वेग तीन हजार. तुमच्यापेक्षा दोनशे कमी.