लाल रेघेपासून ऐंशी पावलं

सगळं गाव तिला काळजीबाई म्हणायचं. ज्वालामुखीच्या वेधशाळेत तिची छत्तीस वर्षं गेली. खालून शिलारस वर सरकला की डोंगर केसभर फुगतो. तो केसभर फुगवटा मोजणं तिचं काम. पण तिची खरी भिस्त खड्ड्यांवर. यंत्र आजचं सांगतं, माती मागचं सांगते, असं म्हणायची. पुरुषभर खड्डा खणून त्यात उतरायची आणि थर बोटांनी चाचपायची: राख, काळी माती, मग गोटे कालवलेला करडा चिखल. राखेत पाणी मिसळून डोंगरावरून उतरलेला हा लोंढा. लाव्ह्यापुढून माणूस चालत सुटतो, याच्यापुढून नाही.

लोंढा कुठवर पोचेल ते दाखवणारी लाल रेघ धोक्याच्या नकाशावर तिने शाळेपलीकडे नेली होती.

"बाई, शेवटच्या खड्ड्यात थर किती जाड निघाला?" वेधशाळेच्या बैठकीत साहेबांनी विचारलं.

"चार बोटं."

"चार बोटांसाठी चारशे घरं उठवता?"

सगळे हसले. तीही हसली. तो खड्डा उंचवट्यावर पडला होता, सखलात थर जाड निघणार, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण छत्तीस वर्षं काळजीबाई म्हणवून घेऊन ती थकली होती. रेघ ओढ्यापर्यंत मागे आली. खाली तिची सही.

ती निवृत्त झाल्यावर मुलाने घराचा पाया खणला आणि कौतुकाने तिला दाखवायला नेलं. जागा सखल, रेघेपासून ऐंशी पावलं बाहेर. पायाच्या खड्ड्याच्या कडेला तोच करडा थर दिसत होता. हातभर.

"इथे नको बांधूस," ती म्हणाली.

"आई, नकाशा बघूनच जागा घेतली. सही तुझीच आहे की."

"ती चुकली."

"गावाला घाबरवून झालं, आता आमची पाळी का?" सून म्हणाली.

वेधशाळेतला नवा साहेब तर खुर्चीतून उठलाही नाही. "स्वतःचाच नकाशा खोटा ठरवता? अर्ज द्या. पुढची पाहणी पाच वर्षांनी."

घर उभं राहिलं. आता दर रविवारी ती नातीशी एक खेळ खेळते. आजीने टाळी वाजवली की टेकडीवरच्या टाकीपर्यंत पळायचं.

"आजी, जिंकले?" वरून नात ओरडते.

घड्याळात अकरा मिनिटं झालेली असतात. लोंढ्याला नऊ पुरतात.

"नाही गं," ती म्हणते. "ये खाली. परत पळ."