सोबतीचा पलंग

मला येताना बघून लोक रस्ता ओलांडतात. विमा विकणाऱ्या बाईच्या नशिबी हे असायचंच. आजवर एकच माणूस असा भेटला, जो माझी वाट बघत दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. ते काका. माझे ते कोणी लागत नाहीत, पण त्या घरात सगळे काका म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले.

काका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासायचे. गिऱ्हाइकाला पुढचा आरसा आणि हसरा मालक तेवढा दिसतो. काच ओल्या चाकावर धरायची, फिरवायची, उजेडात बघायची, परत धरायची. जन्म यातच गेला. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती, की कागदाची पानं त्यांना धड उलटता यायची नाहीत. थोरला भाऊ अचानक गेला तेव्हा पुतण्या शाळेत होता. काकांचं लग्न ठरत आलं होतं, ते राहिलं ते राहिलंच. पुतण्याला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, आपली खोली त्याला दिली आणि गॅलरीला दार बसवून घेऊन तिथे स्वतःचा पलंग टाकला. हे मला पुतण्यानेच सांगितलं, अगदी गळा भरून येऊन. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर रागावणं सोपं गेलं असतं.

तर त्या सकाळी आजारपणाचा विमा काढायला सगळे टेबलाभोवती जमले. पुतण्या, त्याची बायको, दोन मुली आणि पुतण्याची आई, म्हणजे काकांच्या वहिनी. सुनेने चहा आणला. काकांनी आपला कप बाजूला सरकवला.

"ताई, रक्त आधी घेणार ना?"

"कसलं रक्त?"

"दुकानात कोणी तरी म्हणालं, विम्याला रक्त तपासतात, उपाशीपोटी. म्हणून मी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही."

"अहो भावोजी, विचारायचं तरी!" वहिनी म्हणाल्या. मुली खुदखुदल्या. मी म्हटलं, बघू, आधी लिहून तर घेऊ, आणि कोणाला काही दुखणं असेल तर लपवू नका. घरात किती माणसं?

"पाच," पुतण्या म्हणाला.

"सहा," काका म्हणाले.

दोघंही एकदमच बोलले. मग पुतण्या हसला. "अरे हो, काका धरून सहा."

आता आली का पंचाईत! त्या पॉलिसीच्या कुटुंबात नवरा, बायको, मुलं, आईवडील बसतात. सासूसासरेही बसतात. काका बसत नाहीत. जन्मभर एका घरात राहिलेला असो, पोटाला चिमटा काढून वाढवलेलं असो, चुलता तो चुलताच. हा नियम मी केलेला नव्हता, पण सांगायला मात्र मीच. सांगितला. पुतण्याने पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "म्हणजे काही करता येत नाही का?" मी म्हटलं, "नाही." त्याने तोंडातल्या तोंडात "कमाल आहे" म्हटलं आणि सही करायला कागद पुढे ओढला.

काकांनी मगाशी सरकवलेला कप जवळ घेतला. "मग मला चहा घ्यायला हरकत नाही," म्हणाले.

सगळे हसले. मला मेलं हसू येईना. चहा केव्हाच निवला होता, तो त्यांनी एका दमात संपवला.

मी जिना उतरत होते तर मागून पावलं वाजली. "ताई, माझी एकट्याची काढा की. आणि हे पण लिहा, मला जांघेत फुगवटा आहे. हर्निया म्हणाले डॉक्टर. तुम्हीच म्हणालात ना, लपवू नका म्हणून."

"लिहिलं की त्याच्या ऑपरेशनला तीन वर्षं काही मिळायचं नाही, काका."

"थांबू. पट्टा बांधतो मी."

तिथेच पायरीवर बसून मी त्यांना सगळ्या योजना दाखवल्या. कशात हप्ता कमी, कशात बिलाचा वाटा आपल्याला भरावा लागतो, कशात चौघांत एक खोली. त्यांनी हप्ता विचारला नाही, रक्कम विचारली नाही. एवढंच विचारलं, "यातल्या कशात सोबतीच्या माणसाला पलंग मिळतो?"

इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं, स्वतंत्र खोलीत असतो बहुतेक.

"मग तीच द्या. पोरगा रात्रीचा येऊन राहणार. खुर्चीत त्याची पाठ धरते."

मी भांडले. हप्ता जवळजवळ दुप्पट, तोही या वयात, काचा घासून! ऐकतील तर शपथ.

मग तीन वर्षं ते पट्टा बांधून चाकाशी उभे राहिले. दरवर्षी हप्त्याच्या वेळी मी घरी जायचे तेव्हा पाचांचे कागद टेबलावर आणि काकांचे कागद गॅलरीत. कोणी मुद्दाम केलं नसेल, पण पडत गेलं तसं. काकांना ताप आला की सून म्हणायची, "काका, तुमच्या पॉलिसीत बघा ना काय आहे ते." कंपनीने कागदावर वेगळं केलं आणि घराने ते हळूहळू खरं धरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी पुतण्याला फोन केला. तो बिचारा अजिजीने बोलला. महिनाअखेर आहे, साहेब सोडत नाहीत, मुलींच्या परीक्षा, आईला जिना उतरवत नाही. "आणि ताई, तुम्ही आहातच की. काकांचं सगळं तसं वेगळंच आहे ना." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण मी फोन ठेवून दिला. माझी तरी पॉलिसी एकटीचीच आहे. रविवारी घर खायला उठलं की मी जुन्या गिऱ्हाइकांना उगाच फोन लावते आणि हप्त्याची आठवण केल्यासारखं दाखवते.

दुपारी मंजुरीचे कागद घेऊन दवाखान्यात गेले. काका शुद्धीवर होते, चेहरा उतरलेला. खिडकीशी दुसरा पलंग. चादरीला सुरकुती नाही, पायथ्याशी पांघरुणाची घडी.

"या ताई! बघा, तुम्ही सांगितला होता तस्साच आहे पलंग. गादी चांगली मऊ आहे. काल मी हात लावून बघितलं."

खिडकीचा पडदा नीट होता, तो मी उगाच सारखा केला.

तेवढ्यात नर्स आली. उद्या घरी सोडणार, वजन उचलायचं नाही, उठवायला-बसवायला माणूस लागेल. "घरी किती जण आहात, आजोबा?"

"पाच."

"तुम्हाला धरून?"

"नाही. मला न धरता."

"मग सहा म्हणा की!" मी ओरडलेच. "लिहा हो बाई, सहा! सहा माणसं आहेत त्या घरात, मी मोजलीत!"

नर्स दचकली. काका हसायला गेले, टाका ओढला तसा पोटावर हात ठेवला. "राहू द्या, ताई," म्हणाले. "ते बसत नाही."

नर्स गेली. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी पर्स उचलली.

"निघालात? बसा ना जरा," काका म्हणाले. "त्या पलंगाचा हप्ता भरलाय मी."

मी पर्स खाली ठेवली, चपला काढल्या आणि पलंगावर बसले.